गिअरबॉक्सच्या सिम्युलेशनमध्ये तेलाचा विरोध: माझा अनुभव

गिअरबॉक्स सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यातल्या ऊस कॅरिअरचा. एकटप्पी हेलिकल (तिरप्या दातांचा), मोठा गिअर तेलात बुडालेला, पिनियन म्हणजे छोटा गिअर वर. मोठा गिअर तेल घुसळतो तेव्हा होणारा विरोध मॉडेलमध्ये आणायचा होता. सुरुवातीला शाफ्टच्या जॉइंटला ठरावीक डँपिंग (वेगाच्या प्रमाणात विरोध) दिलं. ते एकाच वेगाला जुळतं. आरपीएम बदलला की आकडा भरकटतो.

मग घुसळण्याचा टॉर्क सूत्राने घातला: अर्धा × तेलाची घनता × कोनीय वेगाचा वर्ग × पिच त्रिज्येचा घन × बुडालेलं क्षेत्रफळ × गुणांक. त्रिज्या १५० मिमी, रुंदी ६० मिमी, तेलात बुडालेली खोली ४५ मिमी. दोन्ही बाजू आणि घेर मिळून क्षेत्रफळ सुमारे ०.०२७६ चौ.मी. (दातांची उंची सोडून).

खरी गोम गुणांकात आहे. तो स्थिर धरला तर वेग दुप्पट होताच टॉर्क चौपट होतो, आणि तसं होत नाही. मी वापरलेल्या समीकरणात गुणांक फ्राउड संख्येच्या (फिरण्याचा जोर भागिले गुरुत्वाकर्षण, वेगाच्या वर्गाने वाढते) −०.६ आणि रेनॉल्ड्स संख्येच्या (प्रवाहाचा जोर भागिले तेलाचा चिकटपणा, वेगाच्या प्रमाणात वाढते) −०.२१ घाताने घटतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तरी टॉर्क जेमतेम दीडपट. रेनॉल्ड्स संख्या फार वाढली की घात बदलतात, तेव्हा मर्यादा तपासूनच सूत्र घ्यावं. सेंटिस्टोक्सला (तेलाच्या चिकटपणाचं एकक) चौ.मी. प्रति सेकंदात आणताना १० लाखांनी भागायचं विसरलात तर उत्तर इतकं गुळगुळीत येतं की चूक लक्षातही येत नाही.

टॉर्कची दिशा फिरण्याच्या उलट हवी. नुसतं अधिक-उणे चिन्ह लावलं की शून्य वेगाजवळ सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) थरथरतो. तिथे टॅनएच फंक्शन घातलं, ते चिन्ह एकदम न बदलता हळूहळू बदलतं.

तेल व्हीजी ३२०, म्हणजे ४० अंशांना सुमारे ३२० सेंटिस्टोक्सचं. माझ्या हिशेबाने ४३ अंशांना व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) सुमारे २७० सेंटिस्टोक्स, १५ अंशांना २००० च्या आसपास. म्हणून मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट, दोन्ही वेगळी चालवली. थंडीतला आकडा मात्र सूत्राच्या चाचणीकक्षेबाहेर जाऊ शकतो. त्यावर मोटर निवडू नये.

पडताळणीसाठी बिनलोड, ६० अंशांच्या तेलावर दोन पातळ्या: ४५ मिमी आणि २० मिमी. बेअरिंग बुडत नसतील तर त्यांचा आणि सीलचा वाटा वजाबाकीत जवळपास उडतो, उरतो तो घुसळण्याचा फरक. मॉडेलमधूनही तोच फरक काढून शेजारी ठेवायचा. मोजायचे वॅट, अँपिअर नव्हे. बिनलोड मोटरचा करंट बहुतेक चुंबकनासाठीच खर्च होतो, त्यात हा फरक दिसतच नाही.