नकाशावरचा चार्जर आणि जागेवरचा चार्जर

सव्वासहाशे किलोमीटर, दोन दिवस, इलेक्ट्रिक गाडीत आम्ही दोघं आणि मागच्या सीटवर सामान. बॅटरीतले वापरता येणारे युनिट साधारण ४३. कंपनीने छापलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, मी हिशोबात धरतच नाही. ताशी ९० च्या आसपास माझी गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे १०० टक्क्यांवरून शून्यापर्यंत २८०. आणि शून्यापर्यंत कोण जातंय!

रस्त्याची अडचण एकच होती. मधला जवळपास २४० किलोमीटरचा पट्टा असा, की तिथे एकही फास्ट चार्जर नाही, आणि त्यातच घाट. त्यामुळे आखणी घरापासून न करता या पट्ट्यापासून सुरू केली. पट्ट्याच्या मध्यावर, घाट चढून झाल्यावर, मुक्कामाला एक लॉज शोधला. फोन करून विचारलं, "गाडी लावायच्या जागेजवळ १६ अँपिअरचं सॉकेट आहे का?" नुसतं "चार्जिंगची सोय आहे का" असं विचारलं तर सगळीकडून "हो" येतं, आणि जाऊन बघावं तर मोबाइल लावायचा बोर्ड असतो.

दुसरं पथ्य आम्ही हल्ली कडक पाळतो. कुठल्याही चार्जरवरून निघताना पुढचा बंद आहे असंच गृहीत धरायचं. तो बंद निघाला तर तिथून जो पर्याय आहे, तिथवर जाऊन वर १५ टक्के उरले पाहिजेत. पर्याय पुढे असो, मागे असो, आडरस्त्याला असो. नकाशावर किती चार्जर दिसतात याला फारसा अर्थ नाही. एकाच आवारातली चार मशिन म्हणजे चार पर्याय नव्हेत, वीज गेली की चारही गेली.

पहिल्या थांब्याला ४० टक्क्यांवर पोहोचलो. पुढचा चार्जर १२० किलोमीटरवर, त्याचा पर्याय आडरस्त्याने आणखी ३८. एकूण १५८, म्हणजे जवळपास ५६ टक्के. ८० नंतर चार्जिंग रेंगाळतं हे माहीत असूनही ८५ पर्यंत थांबलो.

तो राखीव साठा कामाला आला. दुसऱ्या चार्जरपाशी पोहोचलो तर स्क्रीन काळी. आधी लाल इमर्जन्सी बटण तपासलं. कुणीतरी ते दाबून ठेवतं, आणि फिरवून सोडलं की मशिन जागं होतं, असं दोनदा अनुभवलंय. या वेळी बटण मोकळंच होतं. पहारेकरी आला आणि म्हणाला, "तीन दिवस झाले साहेब, लाइनच नाही." अ‍ॅपवर मात्र तो हिरवा, उपलब्ध! मशिनचा सर्व्हरशी संपर्क तुटला की काही अ‍ॅप शेवटची कळलेली स्थितीच दाखवत बसतात. म्हणून हिरव्या ठिपक्यापेक्षा शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. कालचं असेल तर ठीक, आठवड्यापूर्वीचं असेल तर फोन करा. मी या एका ठिकाणी आळस केला होता.

आडरस्त्याच्या चार्जरवर २९ टक्के घेऊन पोहोचलो. ६० किलोवॉटचं मशिन, दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे दोन प्लग. सुरुवातीला ४४ किलोवॉटने घेत होतो, तेवढ्यात शेजारी ६ टक्क्यांवरची एक गाडी येऊन लागली आणि आमचा वेग २८ वर आला. दोन्ही गन एकाच मशिनची ताकद वाटून घेतात, हे वेळेच्या हिशोबात आधीच धरावं. मला ९५ हवे होते, पण ८२ ला वेग निम्म्यावर आला आणि तिसरी गाडी ताटकळत होती. गन काढली.

आता हिशोब घाटाचा. माणसं-सामानासह १८०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला साधारण अर्धा युनिट जादा लागतो. आमची चढण ७०० मीटर, म्हणजे साडेतीन युनिट. चढताना रेंजचा आकडा धडाधड पडतो आणि नवखा माणूस घाबरतो. तो आकडा गाडी मागच्या काही किलोमीटरवरून काढते, पुढे उतार आहे की चढ याचा तिला पत्ता नसतो. टक्के आणि उरलेले किलोमीटर एवढंच बघायचं. आम्ही सपाटीवर ताशी ७० धरले आणि युनिटला आठ किलोमीटर मिळाले. एसी बंद करून घाम गाळण्यात काही राम नाही, एसी तासाला एखाद-दीड युनिट खातो. वेग ८० वरून १०० वर नेला तर हवेचा अडथळाच दीडपटीहून जास्त वाढतो.

लॉजवर ३५ टक्के. पोर्टेबल चार्जर लावला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. अर्थिंग नाही! दुसरं सॉकेट, पुन्हा लाल. इथून पुढचा फास्ट चार्जर ११० किलोमीटरवर, तिथे आम्ही ६ टक्क्यांवर पोहोचलो असतो. हिचा चेहरा बघून मी तो आकडा मोठ्याने बोललो नाही. मग लॉजचा माणूसच म्हणाला, "पाण्याच्या मोटरीचं सॉकेट बघा, त्याचं अर्थिंग पक्कं आहे." गाडी रिव्हर्समध्ये पंपाच्या खोलीशी लावली, वायर खिडकीतून आत घेतली. हिरवा!

तरी १६ वर न ठेवता करंट १० अँपिअरवर आणला आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहिला. कोमट होता. चटका बसला तर चार्जिंग बंदच करा. गुंडाळलेलं एक्स्टेंशन कधी वापरू नका, गुंडाळीच तापते. अर्थिंग नसताना चार्जरला फसवण्याचे जुगाड सुचवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. गाडीच्या पत्र्यात करंट उतरण्याचा तो रस्ता आहे. दहा तासांत भिंतीतून २३ युनिट गेले, बॅटरीत साधारण २० उतरले, सकाळी ८१ टक्के. लॉजवाल्याला युनिटचे पैसे आपणहून विचारून द्या, पुढच्या गाडीला नकार मिळत नाही.

घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर १०० पर्यंत भरू नका. बॅटरी भरलेली असली की उतारावर रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत टाकणं, जवळपास चालत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि फुकटचे युनिटही हुकतात. आम्ही उतरून पुढच्या चार्जरला ५२ वर पोहोचलो. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, ओटीपी येईना. मशिनला टेकवून चार्जिंग सुरू करायचं आरएफआयडी कार्ड होतं म्हणून काम झालं. दोन-तीन अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरून ठेवा. शेवटचे ६० किलोमीटर ताशी ९० ने, गाणी लावून.

परतताना आदल्या दिवशी त्या बंद चार्जरला फोन केला. अजून बंदच होता, अ‍ॅपवर हिरवाच. सरळ आडरस्त्याने आलो.