येऊरच्या वाऱ्यात इंग्लंडच्या पाण्याची तयारी

डिसेंबर सरता सरता ठाण्यात मोजक्याच पहाटा अशा येतात की येऊरला जाताना स्वेटर काढावासा वाटत नाही. त्यातलीच एक आम्ही पकडली. माझी भाची इंग्लंडला शिकते, सुट्टीवर आली होती. एप्रिलमध्ये मी तिच्याकडे जाणार आणि दोघींनी तिथल्या एका तळ्यावर वेकबोर्डिंग शिकायचं, हे ठरून गेलं होतं. पाय फळीवरच्या बुटांत अडकवायचे, दोरीची मूठ दोन्ही हातांनी धरायची, मग डोक्यावरून जाणारी केबल आपल्याला पाण्यावरून ओढत नेते, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास.

एप्रिलमध्ये तिथलं पाणी असतं साधारण दहा अंशांवर. आपल्या खाडीचं पाणी ऐन थंडीतही सहसा विसाच्या खाली जात नाही. मी वर्षानुवर्षं पोहते आहे, पण दहा अंशांचं पाणी मला ठाऊक नाही. म्हणून तिकिटाच्याही आधी कपड्यांचा विचार सुरू झाला.

उपवन तलावाच्या काठाला स्कूटर लावली. घरून दोन बाह्या कापून आणल्या होत्या, एक जुन्या सुती टी-शर्टची, दुसरी माझ्या झिजलेल्या निओप्रीन टॉपची, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या लवचीक रबराच्या टॉपची. डाव्या हातात सुती, उजव्या हातात निओप्रीन. दोन्हींवर बाटलीतलं गार पाणी ओतलं आणि मी भाचीच्या मागे बसले. “मावशी, काटा तीसवरच ठेवते हं,” म्हणत तिनं येऊरचा चढ धरला. फिरायला निघालेली मंडळी आमच्याकडे वळून पाहत होती. झाडी दाट झाली तसा वारा बोचरा झाला आणि वनखात्याच्या नाक्यापर्यंत पोहोचेस्तोवर डाव्या हातावर काटा आला होता, बोटं आखडली होती. उजवा हात ओला होता, पण ऊब टिकून होती. त्यातही कोपराजवळ निओप्रीनवर कापडाचं अस्तर नव्हतं, नुसतं गुळगुळीत रबर होतं. तिथं पाणी थांबलंच नाही, थेंब ओघळून गेले आणि वाराही कमी लागला.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं, हे पोहणाऱ्याला अनुभवानं कळलेलं असतं. पण वेकबोर्ड करणारा माणूस पाण्यात पडतो, उठतो आणि पुढची काही मिनिटं ओल्या अंगानं सरळ वाऱ्यात उभा असतो. त्याला थंडी दोन्हीकडून येते. म्हणून वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा निओप्रीनचा अंगभर सूट, छातीवर आणि पाठीवर गुळगुळीत रबराचा भाग असलेला घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. सुती कपडा तर सूटच्या आतही नको. तो पाणी धरून ठेवतो आणि काखेत, मानेवर घासतो.

खाली उतरून मामलेदारची मिसळ खाल्ली. तिखटानं नाक वाहत असताना भाचीनं विचारलं, “जो सूट ओला होतो तो गरम कसा ठेवेल?” 1950च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं नेमकं हेच ओळखलं होतं: अंग कोरडं राहिलंच पाहिजे असं नाही. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, ऊब ते राखतात. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं आणि तिथंच राहतं. सूट सैल असेल, तर मात्र प्रत्येक पडण्याबरोबर ते बाहेर जातं आणि नवं गार पाणी आत येतं. मग जाडी कितीही असो, उपयोग नाही.

घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामातून वाट काढत खेळाच्या सामानाच्या दुकानात पोहोचलो. तिथं होते ते सूट पातळ, आपल्याकडच्या समुद्राला पुरतील असे. दहा अंशांच्या पाण्याला 5/4 लागतो, म्हणजे धडावर पाच मिलिमीटर आणि हातापायांवर चार. शिवण अशी हवी की सुई आरपार गेलेली नसावी आणि जोड चिकटवलेला असावा, नाहीतर टाक्याटाक्यातून पाणी झिरपतं. असा सूट तिथं तळ्यावर भाड्यानं घ्यायचा ठरवलं. पण अंगाला कसा बसायला हवा, ते शिकायला पातळ सूटही पुरला. भाचीला मी ट्रायल रूमबाहेर उकिडवं बसायला लावलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. कमरेच्या खळगीत कापड सुटत होतं, म्हणून एक साइझ खाली उतरलो. मान आवळते अशी तिची तक्रार होती, पण श्वास मोकळा होता. कोरड्या सूटमध्ये एवढं घट्ट वाटणारच.

हातापायांनी जास्त वेळ खाल्ला. जाड मोजे फळीच्या बुटात शिरत नाहीत, शिरले तर पाय दाबून रक्त अडवतात आणि पाय उलट लवकर गारठतात. म्हणून पातळ निओप्रीनचे मोजे घेतले. हातमोज्यांचंही तसंच. जाड मोज्यातून मूठ धरायला जास्त जोर लागतो आणि कोपरापुढचा हात भरून येतो, त्यामुळे दोन मिलिमीटरच्या वर जायचं नाही. कान झाकणारी निओप्रीनची टोपी मी आग्रहानं घ्यायला लावली. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला, तर कानाच्या नळीतलं हाड वाढतं. मात्र टोपी हेल्मेटच्या आत बसायला हवी, म्हणून हेल्मेट टोपी घालूनच मापायचं.

शेवटी एकाच गोष्टीवर वाद झाला. भाचीला सडसडीत इम्पॅक्ट व्हेस्ट हवा होता. तो पडताना बरगड्यांना मार लागू देत नाही, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर धरून ठेवण्यासाठी तो बनवलेला नसतो. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, माणूस धापा टाकतो. त्या मिनिटात नाकतोंड पाण्याबाहेर राहणं एवढंच काम असतं. तरंगण्याची क्षमता प्रमाणित केलेलं जॅकेट घालशील तरच मी दोरी धरेन, असं मी सांगितलं. घोडबंदरच्या गर्दीत अडकलो असतानाच तिनं तळ्यावाल्यांना मेसेज केला: दोन 5/4 सूट आणि दोन लाइफ जॅकेट, मावशीच्या मापासकट.