हाईट पास काढताना शिडी नव्याने शिकलो

मी रंगकाम करतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडे वडिलांच्या हाताखाली शिकलो, मग पुण्यात बंगले, फ्लॅट, दुकानं अशी कामं करत आलो. हिंजवडीकडच्या एका मोठ्या टॉवरचं आतल्या रंगाचं काम आमच्या मुकादमाला मिळालं, तेव्हा गेटवरच सांगितलं गेलं की हाईट पास, म्हणजे उंचीवर काम करायचा परवाना, नसेल तर सहा फुटांच्या वर चढायचं नाही. शिडीवरसुद्धा नाही. हा पास कसा मिळतो, त्यात काय बघतात, हे आपल्या धंद्यातल्या पोरांना आधीच माहीत असावं म्हणून लिहितोय.

कागदपत्रांचं काही अवघड नाही. आधार, फोटो, बँकेचं पासबुक. वय अठराच्या वर हवं.

खरी धाकधूक असते मेडिकलची. सिस्टरनं बीपी घेतलं, डोळे तपासले, रंग ओळखायला लावले आणि मग आवाज उतरवून विचारलं, "दादा, कधी फीट आली होती का? चक्कर येते का? औषध चालू आहे का कसलं? खरं सांगा." या प्रश्नांना किती जण खरं उत्तर देतात? नाक्यावर काम शोधणाऱ्या माणसाला एकच भीती असते, नापास झालो तर हाजरी बुडेल. आमच्यातल्या एका काकांचं बीपी बरंच वाढलेलं निघालं, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. मुकादम मामा तिथंच उभे होते. ते म्हणाले, "बापू, तुम्ही खाली पुट्टी कालवा, पॉलिश पेपर मारा. हाजरी तीच राहील. आधी गोळ्या सुरू करा." ते ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या एकानं आपण होऊन सांगितलं की त्याला लहानपणी फीट यायची. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात मोठी सुरक्षा मामांच्या त्या एका वाक्यात होती. जिथे खरं बोलणाऱ्याची हाजरी कापतात, तिथे मेडिकलचा कागद नुसता फाईलला लावण्यापुरता.

मग व्हर्टिगोची, म्हणजे उंचीवर गरगरतं का याची चाचणी. उभ्या शिडीवरून वर जायचं, आडव्या बीमवरून चालत पलीकडे जायचं, उतरायचं. बेल्ट अडकवलेला असतो, उंचीही फार नसते. बघतात ते एवढंच की पाय लटपटतात का, नजर फिरते का. एक तरुण मुलगा मध्येच थिजला. शिकवणाऱ्या साहेबांनी त्याला घाई केली नाही की कोणाला हसू दिलं नाही, हळूहळू मागे आणलं. काहींना उंची सोसत नाही, त्यात कमीपणा कसला?

बेल्टचा तास मात्र मला फार महत्त्वाचा वाटला. कमरेचा जुना पट्टा चालत नाही, कारण पडल्यावर सगळा झटका कमरेवर आणि मणक्यावर येतो. पूर्ण अंगाचा बेल्ट लागतो, मांड्यांना पट्ट्या, पाठीवर कडी आणि दोन हूक. एक हूक काढला तरी दुसरा अडकलेलाच हवा. हूक डोक्याच्या वर अडकवायचा, पायाशी नाही. रोज घालण्याआधी शिवण उसवली आहे का, पट्टीला काप आहे का, हूकचं लॉक बसतं का, हे हाताने चाचपून बघायचं.

मग साहेबांनी हिशेब मांडला. हूकची दोरी सहा फूट. झटका शोषणारी पट्टी उघडली की आणखी पाच-सहा फूट. त्याखाली माणसाचं अंग. सगळं धरून हूकच्या खाली अठरा-वीस फूट मोकळी जागा असेल तरच तो बेल्ट माणसाला जमिनीच्या वर थांबवतो. आणि फ्लॅटचं छत असतं दहा फुटांवर. म्हणजे आम्ही रंगारी जिथे दिवस काढतो तिथे ही दोरी ताठ व्हायच्या आधीच माणूस फरशीवर. तिथे जीव राखायचा तो शिडीनेच.

म्हणून शिडीचा सराव मी जीव लावून केला. टेकवायच्या शिडीला चारास एक हे माप: शिडी भिंतीला बारा फुटांवर टेकत असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट. टेप नसेल तर शिडीच्या पायाला चवडे लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर पसरायचे, तळवे खांद्याच्या उंचीच्या पायरीवर टेकले तर तिरपेपणा बरोबर. स्लॅबवर उतरायचं असेल तर शिडी स्लॅबच्या तीन फूट वर हवी आणि वरून बांधलेली हवी, तोवर खाली एकानं धरून उभं राहायचं. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम शिडीला. डबा हातात घेऊन चढायचं नाही, मागून दोरीने ओढून घ्यायचा. बेंबी दोन्ही खांबांच्या मध्ये राहील एवढंच वाकायचं, पुढचं पोचत नसेल तर उतरून शिडी सरकवायची.

हे शेवटचंच आपल्या धंद्यात कोणी करत नाही. घोडीवर, म्हणजे दोन्हीकडे पाय फाकवून उभ्या राहणाऱ्या शिडीवर, दोन्हीकडे पाय टाकून, कमरेला हिसका देत ती भिंतीच्या कडेनं चालवत नेतात. नवीन पोरं ते कसब म्हणून शिकतात. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर डिस्टेंपरचे थेंब, घोडीच्या पायाचं रबर झिजलेलं. आमच्या गावचा एक चांगला कारागीर असाच घोडीवरून पडला, छताला हात पुरेल एवढ्याच उंचीवरून. लोकांनी हातापायांना धरून उचललं आणि रिक्षात घातलं. आज तो खुर्चीवर बसून असतो. पडलेल्या माणसाला मानेला-पाठीला मार असेल तर उचलायचं नाही, मान हलू द्यायची नाही आणि १०८ ला फोन करायचा, हेही मला त्या वर्गातच पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं.

लाकडी शिडीला रंग मारू नये, हेही तिथलंच. रंगाखाली चीर झाकली जाते. आणि विजेच्या तारेजवळ ॲल्युमिनियमची शिडी न्यायचीच नाही.

शेवटी कार्ड मिळालं, हेल्मेटवर स्टिकर लागलं. मुदत संपली की पुन्हा मेडिकल. त्याच साइटवरून कामाचा दाखलाही घेतला. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. १९९६ च्या कायद्यातून आलेली ही सोय आहे. रंगारीही त्यात बसतात, तरी आपल्यातले कितीतरी अजून बाहेरच आहेत.

आता पुन्हा बंगल्यांची कामं घेतो. तिथे ना गेट, ना सिस्टर, ना साहेब. सगळ्यात वाईट जागा जिन्याची: एक पाय पायरीवर, दुसऱ्या पायाखाली विटा रचलेल्या आणि खाली दोन मजल्यांची पोकळी. मालक म्हणतात, "दोन तासांचं तर काम आहे, परांची कशाला?" मी दरपत्रकातच परांचीचा खर्च वेगळा लिहितो आणि घासाघीस झाली तर रंगाच्या मजुरीत थोडं कमी करतो, परांचीत नाही. काही कामं त्यामुळे हातची गेली. जी मिळतात, तिथे माझ्या पोरांना सकाळी शिडी उलटी करून रबर आणि पायऱ्यांचे खिळे बघितल्याशिवाय डबा उघडू देत नाही.