सोलापूरची तीन दिवसांची खेप आणि डोक्यावर आलेला टप

डाळिंब उतरवून गाडी रिकामीच परत आणायची, तर त्याच फेरीत मागाच्या जुन्या सामानानं आणि चादरीनं गाडीची केबिन सजवून घेऊ, एवढाच हिशोब होता. सांगोला ते सोलापूर, मे महिना, बोलेरो पिकअप, सोबत दाजी. "मागाचं जुनं सामान तिथं भंगाराच्या भावात, किलोवर मिळतं," असं मला ज्यानं छातीठोकपणे सांगितलं, तो दहा वर्षांत सोलापूरला गेलेला नसणार. तुम्हालाही कुणी असं सांगितलं असेल तर आधी हे वाचा.

किलोवर काही मिळत नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या गल्ल्या आहेत, तिथं आम्ही सकाळी आठपासून फिरलो. लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे दोरा गुंडाळलेली कांडी बसायची खाच. पहिल्यानं सांगितले साडेतीनशे. मी हसलो तर म्हणाला, "शोपीस आहे ओ मालक, पुण्याची माणसं गाडी भरून नेतात." शेवटी दोन धोटे चारशेला पडले, कांड्या पंधरा रुपयाला एक. जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायचे, भोकं पाडलेले जुने पुठ्ठे, सुतळीनं ओवलेले, असा एक गठ्ठा मात्र एका म्हाताऱ्या विणकरबाबांनी फुकट दिला. वर चहा पाजला. दाजींना थोडं तेलुगू येतं, त्याचा फायदा झाला असं दाजींचं म्हणणं.

धोट्याचं आधी सांगतो, कारण यात माणूस मरू शकतो. डॅशबोर्डवर ठेवला की दिसायला फार देखणा, पण त्याचं लोखंडी टोक बरोबर छातीच्या रेषेत येतं. कचकन ब्रेक मारलात तर काय होईल ते तुम्हीच बघा. मी दोन्ही टोप्या करवतीनं उडवल्या, टोकं घासून गोल केली आणि डाव्या दाराच्या आतून आडवा स्क्रूनं बसवला. कांडीच्या खाचेत पेन आणि वजनकाट्याच्या पावत्या राहतात. दुसरा धोटा घरी पडून आहे. एकच घ्या.

कांडीचा गिअर नॉब झकास होतो. एकच करा: गाडीचा मूळ नॉब काढून खिशात घाला, बोल्टवाल्याकडे जाऊन त्याच आट्यांचा नट मागा. अंदाजानं आणाल तर फसाल, मी पहिला नट असाच फेकला. कांडीचं जाड टोक पोखरून नट आत बसवा, भोवती एमसील भरा आणि रात्रभर हात लावू नका. पुठ्ठ्यांचा पडदा मागच्या काचेला लावला तर उन्हाचे ठिपके केबिनभर नाचतात. उभ्या गाडीत बघायला सुंदर, चालत्या गाडीत डोळ्याला ताप, शिवाय मागचं काही दिसत नाही. गाडी लावल्यावरच सोडायचा.

चादरीचं बघा. सोलापुरी चादरीला २००५-०६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रात पहिल्यांदा तिलाच, तरी तिच्या नावावर बाहेरचा माल सर्रास खपतो. किनारीचा एक दोरा ओढून काडी लावा. सुताचा दोरा कागदासारखा जळतो आणि राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. अशी पॉलिस्टरची चादर सीटवर घालाल तर दुपारी पाठ चिकटून बसेल. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत कारखान्यांची दुकानं आहेत, तिथनं घ्या. आणि कापायच्या आधी दोनदा धुवा, कारण सूत आटतं. मी न धुता कापली. आता पहिल्या धुण्यानंतर सीटच्या कोपऱ्यातून फोम डोकावतोय.

दुसरा दिवस सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्याकाठी सावली, शेंगाचटणी, कडक भाकरी. मजेत गेला.

आता मुख्य रडगाणं. टपाला, म्हणजे केबिनच्या छताला, आतून चादरीचं अस्तर लावायचं होतं. ते घरी करणार होतो, पण थकलो होतो आणि एक कुशनवाला भेटला. बाराशे ठरले. काम संपल्यावर पाइपिंगचे वेगळे, फोमचे वेगळे, जुनं अस्तर काढायचे वेगळे, असे सव्वीसशे झाले. चादर माझी! कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका. अस्तर गोंदानं चिकटवलेलं, म्हणून "सुकायला किती वेळ?" विचारलं तर म्हणाला, "दोन घंट्यात सुकतंय की ओ."

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला निघालो. तिऱ्ह्याला सीना ओलांडली तेव्हा अस्तराला मधोमध फुगा आला. कामतीला तो माझ्या केसांना लागायला लागला. दाजींनी दोन्ही हात वर करून टप धरला आणि तसेच बसून राहिले, एखाद्या खांबासारखे. बेगमपूरच्या अलीकडे समोरून ट्रक येत असताना त्यांनी घाम पुसायला एक हात काढला, आणि अख्खी चादर माझ्या तोंडावर आली. फार तर दोन सेकंद. समोर फक्त निळी नक्षी आणि गोंदाचा वास. गाडी कशी कडेला घेतली ते आठवत नाही. नंतर दहा मिनिटं दोघंही काही बोललो नाही.

उन्हात बंद केबिनचा पत्रा हात लावू देत नाही, तिथं जाड सुती चादरीचं वजन नुसत्या गोंदानं पेलत नाही. घरी मी उरलेलं सगळं ओरबाडून काढलं. मोडक्या छत्र्यांच्या काड्या घेतल्या, चादरीला मागून आडव्या चार पट्ट्या शिवल्या, त्यात काड्या ओवल्या, टोकं वाकवून टेप गुंडाळला आणि कमान करून दोन्ही बाजूंच्या रबरी बीडिंगखाली अडकवल्या. खर्च शून्य. बाजाराच्या चार फेऱ्या झाल्या, कापड तसूभर हललेलं नाही. धुवायलाही काढता येतं. गोंद वापरायचाच तर फक्त कडांना, आणि गाडी दोन दिवस सावलीत.

कुशनवाल्याला फोन केला होता. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं, मग विचारलं, "गाडी उन्हात नेली का तुम्ही?"