मेल गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

रावेर-सावद्याकडं केळीची कटाई दिवसभर चालते, पण हिशेबाला रात्रच होते. कोणत्या बागेतून किती क्विंटल निघाली, कोणती गाडी दिल्लीला लागली, हे सगळं रात्रीतून व्यापाऱ्याच्या मेलवर पडायला हवं. त्यासाठी ऑफिसातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली इवलीशी स्क्रिप्ट. ब्राउझरमधून चालवली की मेल जातो. तीच रात्री क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीनं, चालवली की जात नाही. वर एररही नाही. बोंबलणारी एरर परवडली, ही मुकी फार छळते.

उबुंटू-डेबियनवर ब्राउझरमागची पीएचपी आणि टर्मिनलची पीएचपी (क्रॉनही हीच चालवतो) वेगवेगळी सेटिंग वाचतात. एकीची फाइल ‘अपाचे२’ किंवा ‘एफपीएम’ फोल्डरात, दुसरीची ‘सीएलआय’मध्ये. टर्मिनलवर ‘पीएचपी --आयएनआय’ दिलं की कोणती फाइल वाचली ते छापून येतं. ‘सेंडमेल_पाथ’, म्हणजे मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता, तिथं लिहायचा. त्याच फाइलमधल्या ‘एसएमटीपी’ आणि ‘एसएमटीपी_पोर्ट’ या ओळी विंडोजपुरत्या. लिनक्स त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही.

एवढ्याशा कामाला अख्खा मेल सर्व्हर पाळायची हौस कशाला? मेल पुढं पोचवणारा एमएसएमटीपी हा छोटा प्रोग्रॅम पुरे. पाथ मात्र पूर्ण द्या, ‘/युएसआर/बिन/एमएसएमटीपी -टी’ असा, कारण क्रॉन ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतो त्यांची यादी तोकडी असते. ‘-टी’मुळं मेल कोणाला जायचा ते मेलच्या मथळ्यातूनच उचललं जातं. एमएसएमटीपीच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये होस्ट (मेल सर्व्हरचं नाव), पोर्ट ५८७, ऑथ (लॉगिन) आणि टीएलएस (कनेक्शन गुप्त ठेवणारी सोय) ऑन, फ्रॉम, युजर, पासवर्ड. पोर्ट ४६५ घ्यायचा तर ‘टीएलएस_स्टार्टटीएलएस’ ऑफ हवंच, नाहीतर कनेक्शन लटकतं. २५ च्या नादी लागू नका, पुष्कळ इंटरनेटवाले तो बाहेर जाऊच देत नाहीत.

आपल्या होम फोल्डरातल्या या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकानं वाचायची-लिहायची) ठेवा. पासवर्ड असलेली फाइल इतरांना वाचता येत असेल तर एमएसएमटीपी हात वर करतं. आणि क्रॉन रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य युजरच्या, नावानं चालत असेल तर ती फाइल रूटच्या होम फोल्डरात शोधली जाते, तुमच्या नाही.

जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. ५३५, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा कोड, दिसला की आधी तोच तपासा.

आता पीएचपीच्या मेल पाठवणाऱ्या ‘मेल’ फंक्शननं ‘ट्रू’ म्हटलं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांविषयी. चोपड्याहून जळगावच्या पोराला डबा पाठवताना तो एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला, एवढाच त्या ‘ट्रू’चा अर्थ. पोर जेवलं की नाही ते वेगळंच. म्हणून एमएसएमटीपीच्या सेटिंगमध्ये ‘लॉगफाइल’ची ओळ टाकाच, म्हणजे प्रत्येक मेलची नोंद राहते. त्या नोंदीत ‘एसएमटीपीस्टेटस=२५०’ दिसलं म्हणजे निदान समोरच्या सर्व्हरनं मेल ठेवून घेतला. त्यानंतरही मिळाला नाही तर स्पॅम बघायचं, आणि फ्रॉमचा पत्ता लॉगिनच्याच खात्याचा आहे ना तेही.

विषय ‘आजची कटाई’ असा मराठीत हवा असेल तर तो ‘एमबी_एन्कोड_माइमहेडर’ या पीएचपी फंक्शनमधून काढा आणि मजकुरासाठी यूटीएफ-८ची कंटेंट-टाइप ओळ जोडा. नाहीतर दिल्लीवाल्याला कटाईऐवजी चित्रविचित्र चिन्हं पोचतात आणि सकाळी फोन येतो तो वेगळाच.