ग्रानोसेनचा तो शनिवार: स्कीखालचं मेण आणि सूटमधली शिवण

नॉर्डिक स्कीची जागतिक स्पर्धा २०२५ साली नॉर्वेतल्या त्रोंडहाइमला झाली, २६ फेब्रुवारी ते ९ मार्च. नॉर्डिक म्हणजे क्रॉस-कंट्री, स्की जंपिंग आणि या दोन्हींचा मेळ असलेलं नॉर्डिक कम्बाइन्ड. लिफ्टने वर जाऊन खाली घसरण्याचा आल्पाइन प्रकार यात नाही. इथे चढही स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. नॉर्वेच्या संघाने या स्पर्धेत काय मिळवलं आणि काय घालवलं, ते ग्रानोसेनला, म्हणजे स्पर्धेच्या मैदानावर, प्रत्यक्ष उभं राहून पाहिल्यावर नीट कळलं. टीव्हीवर चेहरे दिसतात, सामान दिसत नाही. आणि या संघाची सगळी गोष्ट सामानाची आहे.

आधी पोचण्याचं बोलू. व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. विमा ३०,००० युरोंचा हवा. मुंबईहून ऑस्लोला एक विमान बदलून जावं लागतं. ऑस्लोहून त्रोंडहाइमला रेल्वेने साधारण सात तास लागतात. दोव्रेचं पठार दिवसाउजेडी पाहायचं असेल तर सकाळचीच गाडी घ्या. विमानाने गेलात तर व्हॅर्नेसचा विमानतळ शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. तिथून बस आणि लोकल दोन्ही मिळतात. ग्रानोसेन शहराच्या नैर्ऋत्येला टेकड्यांत आहे. शर्यतीच्या दिवशी स्वतःची गाडी नेण्याचा विचारही करू नये, बसनेच जावं आणि किमान दोन तास आधी निघावं. परतीची रांग येतानाच्या रांगेपेक्षा मोठी असते.

थंडीबद्दल आपल्याकडे गैरसमज असतो. त्रोंडहाइम ६३ अंश उत्तरेला असलं तरी समुद्राकाठी आहे. मार्चच्या सुरुवातीला पारा बहुतेक वेळा शून्याच्या आसपास घुटमळतो. म्हणजे कोरडी थंडी नाही, ओली. पाऊस, ओला बर्फ, रात्री पुन्हा गोठलेला रस्ता. वजा वीसचं जॅकेट घेऊन जाणारा माणूस तिथे आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजतो. अंगालगत लोकरीचा थर, वर पाणी न शिरणारं जाकीट, बुटांना चढवायचे रबरी काटे आणि बसायला फोमचा तुकडा एवढं पुरतं. तो फोमचा तुकडा प्रत्येक नॉर्वेजियनाच्या पिशवीत असतो आणि चार तासांनी त्याचं मोल कळतं.

याच ओल्या हवेमुळे शर्यती कशा जिंकल्या जातात तेही उघड्यावर येतं. क्लासिक पद्धतीत दोन समांतर खाचांतून पळायचं असतं. स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन असताना मधला भाग बर्फाला टेकत नाही, फक्त टोकं घसरतात. एका पायावर पूर्ण भार देऊन दाबलं की मधला भाग टेकतो, आणि तिथे लावलेलं चिकट वॅक्स, म्हणजे मेण, क्षणभर बर्फ पकडतं. त्या पकडीवर पुढची ढांग. वॅक्स कमी पडलं तर चढावर पाय मागे सरकतो, जास्त झालं तर स्की ओढत न्यावी लागते. बर्फ जुना, दाणेदार आणि ओला असेल तर क्लिस्टर नावाचं गुळाच्या काकवीसारखं दाट वॅक्स चालतं. कोरड्या थंडीत कांडीचं घट्ट वॅक्स. पण शून्यावर ताजा ओला बर्फ पडू लागला की दोन्ही फसतात. क्लिस्टरला बर्फाचे गोळे चिकटतात, कांडीचं वॅक्स निसटतं. अशा वेळी तळ सॅंडपेपरने खरवडलेली, वॅक्स न लावलेली स्की काढावी लागते. निर्णय शर्यतीला काही मिनिटं उरली असताना घ्यायचा, कारण पारा अर्ध्या अंशाने हलला तरी उत्तर बदलतं.

घसरण्याचं शास्त्र वेगळं. पूर्वी फ्लुओरिनयुक्त वॅक्स असायचं. ते पाणी आणि मळ दोन्ही झटकायचं, पण निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाही. २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर पूर्ण बंदी आली. स्कीचा तळ इन्फ्रारेड यंत्राने तपासतात, फ्लुओरिन सापडलं की खेळाडू बाद. तेव्हापासून भर तळाच्या नक्षीवर आला आहे. ओल्या बर्फावर स्कीखाली पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो तळाला शोषून धरतो. खरखरीत, रुंद रेघा त्या पापुद्र्याला तोडतात. कोरड्या थंड बर्फावर उलट, बारीक रेघा हव्यात. मोठ्या खेळाडूच्या दिमतीला डझनावारी जोड असतात. त्यातले नेमके कोणते आजचे, हे ठरवायला तंत्रज्ञ पहाटेपासून मार्गावर असतात. दोघं जण शेजारीशेजारी उतारावर सोडायचे, कोण पुढे जातं ते पाहायचं, स्की अदलाबदल करून पुन्हा. सराव पाहायला लवकर पोचलात तर हे दृश्य फुकटात दिसतं. आम्हाला विचाराल तर शर्यतीइतकंच ते बघण्यासारखं आहे.

या सगळ्यात नॉर्वे इतरांच्या पुढे आहे. पैसा आहे, माणसं आहेत, आणि पोरंसोरं चालायला लागली की स्कीवर उभी राहतात. शहरातून ग्रोकालबानेनची ट्राम लियानपर्यंत जाते, पुढे बीमार्काचं जंगल. कामाच्या दिवशीही त्या ट्राममध्ये स्की घेतलेली माणसं दिसतात. योहानेस ह्योस्फ्लोट क्लेबो याच शहरात वाढला. त्याला घडवणारा प्रशिक्षक त्याचा आजोबा.

क्लेबोने सहा शर्यतींत सहा सुवर्णं घेतली: स्प्रिंट, स्कीअ‍ॅथलॉन (अर्धं अंतर क्लासिक, अर्धं स्केटिंगसारख्या चालीने), १० किलोमीटर क्लासिक, एरिक वाल्नेसबरोबर सांघिक स्प्रिंट, रिले आणि ५० किलोमीटर. १९९७ मध्ये याच त्रोंडहाइमला रशियाच्या येलेना व्याल्बेने महिलांच्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या. तेव्हा होत्याच पाच. क्लेबोची रीत सोपी दिसते. चढावर इतर जण लांब ढांगा टाकत असताना तो स्कीवर अक्षरशः पळतो, छोटी आणि वेगवान पावलं. त्याला शेवटच्या वळणाआधी मागे टाकता आलं नाही तर शर्यत संपली, कारण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याच्यासमोर कुणाचं चालत नाही. म्हणून प्रतिस्पर्धी आधीपासून वेग वाढवून त्याला दमवू बघतात. ओबडधोबड ओल्या बर्फात हे जमायला हवं होतं, पण त्याच्या स्कीही तितक्याच चांगल्या होत्या.

महिलांकडे मात्र घरच्या प्रेक्षकांच्या घशात आवाज अडकला. सहाही सुवर्णं स्वीडनने नेली. नॉर्वेची थेरेसे योहाउग निवृत्तीतून परत आली होती, तिच्यासाठी लोक रात्रीपासून जंगलात तंबू ठोकून बसले होते, पण एब्बा आंडर्सन आणि फ्रिडा कार्लसन यांच्यापुढे तिला सुवर्ण मिळालं नाही. ‘नॉर्वेने सगळं जिंकलं’ असं घाईने लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

८ मार्चचा शनिवार. दिवसा पुरुषांची ५० किलोमीटर, नंतर मोठ्या टेकडीवरची उडी. सबंध दिवसाचं तिकीट असलेल्यांना दोन्ही मिळालं. पन्नास किलोमीटर फ्रीस्टाइल, म्हणजे स्केटिंगसारखी चाल, सगळ्यांची एकत्र सुरुवात. हे अंतर क्लेबोचं दुखरं होतं. २०२१ ला ओबर्स्टडोर्फमध्ये तो पहिला आला आणि रशियाच्या बोल्शुनोव्हला अडवल्याबद्दल बाद झाला. २०२३ ला प्लानित्सात रौप्य. या शर्यतीत वाटेत स्की बदलता येतात. बदलताना काही सेकंद जातात, पण तळ घासून मंद झालेला असेल तर ते पुढे भरून निघतात. आपला गट बदलायला वळला नाही आणि आपण वळलो, तर एकट्याने वारा अंगावर घेत पाठलाग करावा लागतो. जिंकण्याचा सगळा हिशेब तिथे असतो. मार्गावर उभं राहायचं तर स्टेडियमऐवजी जंगलातल्या चढाच्या मध्यावर राहा. फेऱ्या असल्यामुळे तेच चेहरे पुन:पुन्हा समोरून जातात आणि कोण कधी थकला ते स्पष्ट दिसतं. तिथे शेकोट्या, सॉसेज आणि घंटा. क्लेबोने सहावं सुवर्ण घेतलं तेव्हा तो आवाज दरीभर फिरला.

आणि मग उडी. ग्रानोसेनची मोठी टेकडी एचएस १३८ आहे, म्हणजे टेकडीचं माप (हिल साइझ) १३८ मीटर. ठरावीक रेषेपलीकडे प्रत्येक मीटरला १.८ गुण, शिवाय शैलीचे आणि वाऱ्याचे. म्हणजे दोन-तीन मीटर जास्त गेलं तर पदकाचा रंग बदलतो. ते मीटर सूटमधून काढता येतात. सूट अंगापेक्षा फारच थोडा सैल चालतो, कापडातून ठरावीक हवा आरपार जावीच लागते, आणि तपासलेल्या भागांना चिप लावलेली असते. तरी जांघेचा भाग खाली उतरवला किंवा ताठ केला, तर दोन पायांमधलं कापड शिडासारखं हवा धरतं. नॉर्वेच्या तंबूत नेमकं तेच झालं. आदल्या दिवशी सूट शिवतानाचं, लपून घेतलेलं चित्रण बाहेर आलं. त्यात मुख्य प्रशिक्षकही हजर दिसले. इतर संघांनी हरकत घेतली. शिवण उसवून पाहिल्याशिवाय सापडलं नसतं: आत जास्त ताठ धागा भरला होता.

नॉर्वेचा मारियुस लिंडविक दुसरा आला होता, योहान आंद्रे फोर्फांग पाचवा. दोघंही बाद. सुवर्ण स्लोवेनियाच्या डोमेन प्रेव्चचं राहिलं, रौप्य ऑस्ट्रियाच्या यान ह्योर्लकडे गेलं, कांस्य जपानच्या र्योयू कोबायाशीकडे. दुसऱ्या दिवशी नॉर्वेच्या महासंघाने ही फसवणूक जाणूनबुजून झाल्याचं मान्य केलं. प्रशिक्षक आणि सूट शिवणारा तंत्रज्ञ निलंबित झाले. दोन्ही खेळाडूंवर पुढे तीन महिन्यांची बंदी आली, सूटमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं त्यांचं म्हणणं. लहान टेकडीवरचं लिंडविकचं सुवर्ण मात्र कायम राहिलं, आणि त्यावर अजूनही वाद घालणारे भेटतात. आमच्या मते खेळाडूंपेक्षा त्यांच्यामागच्या व्यवस्थेची शिक्षा मोठी हवी होती. अर्ध्या अंशासाठी पहाटे उठणारी जी चिकाटी स्कीखाली सुवर्ण देते, तीच सुईदोरा हातात घेऊन नियमाच्या कडेवरून खाली उतरली.

शहरासाठी एक दिवस राखा. नीदारोसचं कॅथेड्रल, जुना लाल लाकडी पूल आणि बाकलांदेतली लाकडी घरं पायी होतात. वॉफलवर तपकिरी चीज घालून देतात, एकदा खाऊन बघावं, गोड असतं. क्रोनमधल्या किमतीचे रुपये करून पाहिले की बाहेरचं जेवण आपोआप कमी होतं. किराणा दुकानातून ब्रेड, चीज घ्या आणि थर्मास भरून न्या.

पुढची जागतिक स्पर्धा २०२७ ला स्वीडनमधल्या फालूनला आहे. तिथला मोर्डारबाकेनचा चढ क्रॉस-कंट्रीत कुप्रसिद्ध आहे. जाणार असाल तर त्याच चढाच्या वरच्या टोकाला जागा धरा, आणि राहण्याचं आरक्षण विमानाच्या तिकिटाआधी करा. लहान गावात खोल्या आधी संपतात.