मकबरा काढायला गेलो अन् ताज काढून बसलो

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करतो, अकरा वर्षं झाली, सगळं कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमधी. पेन्सिल हातात येते ती साइटवर भिंतीला खूण करायला. तर मागच्या हिवाळ्यात एका हॉटेलवाल्याला लॉबीत लावायला बीबी का मकबऱ्याचं हातानं काढलेलं मोठं स्केच पाहिजे होतं. साहेब म्हणाले तू जा, काकांना सोबत ने. काका म्हणजे आमचे जुने ड्राफ्ट्समन, ट्रेसिंग पेपरच्या काळातले, चुकलं की ब्लेडनं शाई खरवडणारे, रिटायर झालेत पण हप्त्यातून दोनदा ऑफिसात चहाला येतातच.

तिकीट काढून आत गेलो, मधल्या हौदाच्या कडेला बसलो. मला वाटलं यात काय अवघडे, लहानपणापासून बघायलो, मामाचं घर बेगमपुऱ्यात. घुमट, चार मिनार, मधी मोठी कमान. वीस मिनिटात काढून काकांपुढं धरलं. त्यांनी चष्मा वर केला, एकदा कागद एकदा समोर बघितलं अन् म्हणले, "छान हाय. पण हा आग्र्याचा झाला. आपला कुठंय?"

राग आला मला. म्हणलं काका, दोन्ही सारखेच की. तर त्यांनी पिशवीतून जुनी लग्नपत्रिका काढली, मधी चौकोनी खिडकी कापलेली. म्हणले यातून बघ, अन् मकबरा बघूच नको, डावीकडचा मिनार अन् इमारत यांच्या मधी जे आभाळ अडकलंय ना, तेवढंच बघ. ते काढ.

बराच वेळ काही दिसेना, डोळा सारखा घुमटावर पळायचा. मग एकदम दिसला. उभा निळा तुकडा, एका बाजूनं मिनाराची कड, दुसऱ्या बाजूनं भिंत सरळ वर येती, वरच्या बारक्या मिनाराला अडखळती अन् मग घुमटाच्या पोटाला वळसा घेऊन आत जाती. कोपर ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठ्यानं त्याची रुंदी पकडली अन् तीच उंचीत किती वेळा बसती ते मोजलं. माझ्या पहिल्या चित्रात तो तुकडा ऐसपैस होता, खरा कितीतरी अरुंद निघाला. म्हणजे मी मिनार लांब नेऊन ठेवले होते, कॅलेंडरावरच्या ताजसारखे. ताजला मिनारांच्या आत हवा भरपूर, आपल्याकडं मिनार इमारतीला खेटून, म्हणून मकबरा अंग चोरून उभा राहिल्यासारखा वाटतो. लोक त्याला गरिबाचा ताज म्हणतात ते संगमरवर कमी म्हणून (खालचा पट्टा अन् घुमट सोडला तर बरचसं काम चुन्याच्या गिलाव्याचंच आहे), पण मला फरक दिसला तो त्या आभाळात.

कॅडमधी भिंती काढल्या की खोली आपोआप होते, खोली कुणी काढत नाही. त्या दिवशी मी उलटं केलं. दोन्ही बाजूचं आभाळ, कमानीतला अंधार, बारक्या मिनारांच्या मधल्या फटी, असे सात-आठ तुकडेच काढले, अन् कागद लांब धरला तर मकबरा उभा! एक मिनार जरा कलला होता, तो काकांनी ओळंबा म्हणून चावीला दोरा बांधून लटकवला अन् सरळ करून घेतला.

मधी मधी त्यांची टेप चालूच. हा बांधणारा अताउल्ला म्हणजे ताजवाल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, 1660 च्या सुमाराचं काम, खर्च 6,68,203 रुपये सांगतात. "एवढ्यात आज साइटवर एक बाथरूम धड होत नाही," इति काका.

दोन दिवसांनी फायनल स्केच हॉटेलवाल्याला दाखवलं. त्यानं मान तिरकी करून बघितलं. म्हणला, मस्तच आहे, फक्त जरा आखडल्यासारखं वाटायलंय, ते मिनार थोडे बाजूला सरकवता येतील का?

पहिला कागद मी फाडला नव्हता. तोच मोठा करून दिला.